न मारलेल्या औषधांबद्दल

दादर, मुंबई

अण्णा, सप्रेम नमस्कार.

द्राक्षाची बाग चांगली उतरली की लोक फवारणीच्या औषधाचं नाव घेऊन आभार मानतात. आम्ही उलटं करतोय. जी औषधं तुम्ही मारू दिली नाहीत, त्यांच्याबद्दल हे आभार. मुंबईत राहून दिंडोरीकडे वाइनची द्राक्षं लावणाऱ्यांना डाऊनीच्या, म्हणजे पानांवरच्या केवडा रोगाच्या, आधी जडतो तो घाबरटपणा. शिवाजी पार्कावर आभाळ आलं की हात फोनकडे जातो आणि तिकडे फवाऱ्याची टाकी भरायला सांगितली जाते. दादरच्या आभाळाचा दिंडोरीच्या पानांशी काय संबंध, हे कोणी विचारत नाही. तुम्ही विचारलंत, "पान उलटं करून बघितलं का?"

तुमची डब्याची युक्ती आता आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी चालते. पिवळा डाग म्हणजे डाऊनी असं नव्हे. फुलकिड्यांनी खरवडलेलं पान, उन्हात गंधकाने भाजलेलं पान, पोषणाची कमतरता, हे सगळं फोटोत सारखंच दिसतं. म्हणून डागाचं पान देठासकट तोडायचं, स्टीलच्या डब्यात ओला टिश्यू पेपर अंथरून त्यावर खालची बाजू वर करून ठेवायचं, झाकण लावायचं आणि डबा रात्रभर ओट्यावर सोडायचा, फ्रिजमध्ये नाही. सकाळी डागाच्या बरोबर मागे पांढरी, कापसासारखी लव आली तर डाऊनी जिवंत आहे. तपकिरी, कोरडा डाग तसाच राहिला तर टाकी भरायची घाई नको. आणि बोटाने पुसली जाणारी राखाडी पावडर पानाच्या वरच्या बाजूलाही असेल, तर ती भुरी. तिचं औषध वेगळं.

ही परीक्षा इतकी महत्त्वाची का, तेही तुम्हीच समजावलंत. डाऊनीची बुरशी ओल्या पानाच्या खालच्या रंध्रांतून आत शिरते. बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण, पानाच्या पृष्ठभागावर बसून बीजाणूला तिथेच मारतो. बुरशी एकदा आत गेली की त्याचा हात पोहोचत नाही, आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरणारं, औषधच लागतं. म्हणजे पावसाआधीचा बोर्डो हा विमा आणि लव दिसल्यावर मारलेला बोर्डो हा निव्वळ रंग.

तोही नीट बनवला तर. एक टक्क्यासाठी 100 लिटरला 1 किलो मोरचूद (तांब्याचं सल्फेट) आणि 1 किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत 50-50 लिटर पाण्यात विरघळवायचे, मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळत राहायचं. उलटं ओतायचं नाही आणि लोखंडी भांडं तर अजिबात नाही. मग घासलेला चाकू मिनिटभर बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. बहुतेक वेळा घोळ चुन्याचाच असतो. पोतं उघडं राहिलं की चुना हवेने मरतो आणि वजन बरोबर भरूनही काम करत नाही. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. शिवाय सॉव्हिन्यॉं ब्लांवर काढणी जवळ आली की तांबं नको, कारण या वाणाच्या वासाची जान ज्या संयुगांत असते त्यांनाच तांबं बांधून टाकतं.

भुरीचं गणित वेगळं. तिला पाऊस लागत नाही. सावली आणि 20 ते 27 अंशांची हवा पुरते, म्हणजे नाशिकचा हिवाळ्यातला दिवस. पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम, पण पारा 32-33च्या पुढे असेल तर थांबा, पानं भाजतात. मण्यांत पाणी फिरलं, म्हणजे ते मऊ पडून पिकू लागले, की गंधक बंद. सालीवर उरलेलं गंधक आंबवताना सडक्या अंड्याचा वास देतं आणि मग दोष वाइन बनवणाऱ्याच्या माथी जातो.

खरं तर भुरी फवाऱ्यापेक्षा कात्रीला जास्त घाबरते. डॉगरिज खुंटावर (कलमाखालच्या जोमदार मुळावर) बांधलेली वेल मुळातच माजते, त्यात फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या जादा फुटी, ठेवल्या की घडाभोवती अंधार. ओलांड्याच्या (तारेवर आडव्या धरलेल्या फांदीच्या) एका फुटात चार-पाच फुटीच ठेवायच्या. 8 बाय 4 फुटांच्या लागवडीत वेलीला साधारण 16 ते 20. मणी धरल्यावर लगेच, दक्षिणोत्तर ओळीत फक्त पूर्वेकडची, घडाजवळची एक-दोन पानं काढायची म्हणजे सकाळचं ऊन आणि वारा आत येतो. पश्चिमेची पानं दुपारच्या उन्हासाठी राखायची. हेच काम उशिरा केलं तर सावलीत वाढलेली साल करपते.

मिलीबगबद्दल (रस शोषणाऱ्या पांढऱ्या, पिठासारख्या किडीबद्दल) मात्र तुमचा आम्हाला रागच यायचा. आम्ही कीटकनाशक विचारायचो, तुम्ही मुंग्या मोजायला लावायचात. आता कळतं. मिलीबग सोडते त्या चिकट रसासाठी मुंग्या तिची राखण करतात आणि तिला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात, शिवाय त्या रसावर काळी बुरशी येते ती वेगळीच. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर मिलीबग आहे असंच समजायचं. फवारा तिथवर पोहोचतच नाही, कारण ती सुटलेल्या सालीखाली बसते. म्हणून खरड छाटणीनंतर (काढणीनंतरच्या उन्हाळी छाटणीनंतर) खोड आणि ओलांड्याची मोकळी साल हाताने काढायची आणि ओळीत न टाकता जाळायची. लाल वाणात हिची जास्त भीती, कारण पानं गुंडाळणारा विषाणू हीच एका वेलीतून दुसरीत नेते आणि त्या विषाणूवर औषध नाही.

शेजारच्या बागेत जिब्रेलिक आम्लाने मणी फुगवतात म्हणून आमच्याकडेही मारू, असं म्हणणाऱ्याला तुम्ही हात जोडलेत, तेही बरंच केलंत. खाण्याच्या द्राक्षाला मोठा मणी लागतो. आम्हाला लहान हवा, कारण रंग आणि चव सालीत असते.

गोडी छाटणीनंतर (घडांसाठीच्या छाटणीनंतर) काडीवरचे डोळे, म्हणजे कळ्या, फुटाव्यात म्हणून त्यांना पेस्ट लावणाऱ्या माणसांना किमान आठवडाभर दारूचा थेंबही नको, हे तुम्ही दरवर्षी शेडच्या दारावर लिहून लावता. पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाइड आणि दारू एकत्र आली की चेहरा लाल होतो, धडधड वाढते, माणूस कोसळू शकतो. मुंबईहून बाटल्या घेऊन येणाऱ्या आम्हा पाहुण्यांसाठीही तो कागद आहे, हे उशिरा लक्षात आलं.

बाकी, खरड छाटणीला येत्या शनिवारी 45 दिवस होतात. देठ तपासणीसाठी काडीच्या तळापासून पाचवं पान घेऊ, पातं तिथेच तोडून टाकू, शंभरेक देठ चार कोपरे आणि मधल्या ओळी मिळून, कडेच्या वेली सोडून. पोटॅश किती द्यायचं ते अहवाल आल्यावरच ठरवू. जास्त झालं तर रसाचा सामू (pH) चढतो हे पाठ आहे. पिशवी कागदीच आणतो.

तुमचे,
मुंबईकर बागवाले