रॅमच्या ओळीबद्दल

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

नवा कॉम्प्युटर जोडण्यासाठी केलेली तुझी सुट्या भागांची यादी पाहिली. एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चा मदरबोर्ड, एक टीबीचा एसएसडी, सगळं नीट विचार करून लिहिलेलं आहे. फक्त रॅमपाशी, म्हणजे चालू कामाची माहिती धरणाऱ्या मेमरीपाशी, "१६ जीबी दादाकडची, १६ नवीन, स्वस्त मिळेल ती" एवढं लिहून मोकळी झालीस. बाकी यादीला मी हात लावत नाही, पण ही ओळ खोडायची आहे. आयटीआयच्या लॅबमध्ये पोट्टे नवीन जोडलेलं मशीन सुरू होत नाही म्हणून धावत येतात, तेव्हा मी पहिल्यांदा रॅमच काढून पाहते.

मानेवाड्याच्या दादाकडची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, डीडीआर४ या जुन्या पिढीची आहे. तुझा प्रोसेसर एएम५ सॉकेटचा, म्हणजे बोर्डावरच्या त्या खोबणीत बसणारा. त्याला डीडीआर५ शिवाय दुसरं काही चालतच नाही. दोन्हींच्या पट्टीवर २८८ पिना असतात आणि लांबीही सारखीच, त्यामुळे हातात घेतल्यावर फरक कळत नाही. मधली खाच मात्र वेगळ्या जागी असते, म्हणून ती स्लॉटमध्ये बसणार नाही. बसत नाही म्हणून जोर लावू नको, बोर्ड जाईल. आतला मामलाही वेगळा आहे. डीडीआर४ ला १.२ व्होल्ट लागतात, डीडीआर५ ला १.१, आणि डीडीआर५ मध्ये वीज सांभाळणारी चिप बोर्डावर नसून स्टिकवरच असते. दुकानात कोणी म्हणालं, "दोन्ही चालतात ना ताई," तर ते इंटेलबद्दल बोलत असतील. इंटेलचे १२ व्या ते १४ व्या पिढीचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर दोन्ही घेतात, तिथे बोर्ड कुठला आहे त्यावर ठरतं. तुझ्या बाबतीत ती सोय नाही.

आता पैशाचं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव काय भडकलेत ते मीही पाहून राहिले आहे. चिप बनवणाऱ्या कंपन्यांना एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी विकण्यात जास्त कमाई दिसते, घरच्या गिऱ्हाइकाकडे कोण पाहतं! त्यामुळे "आत्ता एक घेते, दिवाळीत दुसरी" असं तुझ्या मनात येणारच. पण एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपनी मधेच आतल्या चिपा बदलते. सहा महिन्यांनी आणलेली जुळी दिसणारी स्टिक आतून निराळी निघू शकते. मग मशीन कधी चालेल, कधी ब्लेंडरमधलं थ्रीडी चित्र अर्धवट तयार (रेंडर) झालं असताना निळा स्क्रीन दाखवेल, आणि दोष कुणाचा ते शोधत बसशील. एका डब्यात दोन स्टिकांचा किट मिळतो तो कंपनीने एकत्र तपासलेला असतो. शिवाय दोन स्टिका असल्या की प्रोसेसर आणि रॅममधले दोन्ही रस्ते (चॅनल) वापरात येतात. तू सध्या ग्राफिक्स कार्ड घेत नाहीस, म्हणजे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगणार. एका स्टिकवर त्याची उपासमार होईल.

"८-८ च्या दोन आत्ता, दोन नंतर" हेही नको. बोर्डाला चार स्लॉट दिसतात म्हणून भुलू नको. एएमडीने या प्रोसेसरसाठी दोन स्टिकांवर ५२०० चा वेग (एमटी/से, म्हणजे सेकंदाला इतके दशलक्ष व्यवहार) सांगितला आहे, चार लावल्या तर ३६००. म्हणून १६-१६ च्या दोन एकदमच घे आणि उरलेले दोन स्लॉट रिकामे राहू दे. पैसे कमी पडले तर एसएसडी अर्ध्या टीबीचा घे, तो नंतर सहज वाढवता येतो. आणि काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट काहून पाहिजे गं? टेबलाखालीच तर राहणार आहे ते.

वेगाचं सांगते. डब्यावर ७२०० वगैरे लिहिलेलं असेल, ते सोडून दे. ७००० मालिकेच्या रायझनसाठी ६००० हा सोयीचा वेग असं एएमडीनेच सांगितलं होतं. त्यातही सीएल, म्हणजे मागितल्यावर रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते तो आकडा, किती ते पाहा. सीएलला २००० ने गुणायचं आणि वेगाने भागायचं, म्हणजे उत्तर नॅनोसेकंदात येतं. ६००० सीएल ३० म्हणजे १०, ६००० सीएल ४० म्हणजे १३ च्या वर. दादाची जुनी ३२०० सीएल १६ काढून पाहा, तीही १० च येते! डब्यावर एक्स्पो लिहिलेलं असावं, तो एएमडीचा प्रोफाइल, म्हणजे जास्त वेगाची तयार सेटिंग. इंटेलचा एक्सएमपी असलेला किटही बऱ्याचदा चालतो, पण निवडायचंच आहे तर एक्स्पोच निवड. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन तो चालू केल्याशिवाय ६००० मिळत नाही, नाहीतर रॅम ४८०० किंवा तशाच साध्या वेगावर चालत राहते आणि लोकांना वर्षभर पत्ता नसतो.

बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर तपासलेल्या रॅमची यादी असते, तिला क्यूव्हीएल म्हणतात. त्यात नुसतं कंपनीचं नाव पाहून चालत नाही, पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवायचा. यादीत नसलेली रॅम चालतच नाही असं नाही, पण सध्याच्या भावात मी तरी प्रयोग करणार नाही. सेकंड हँडमध्ये सर्व्हरची रॅम स्वस्त दिसेल, तिचं नाव काढू नको. ती रजिस्टर्ड, म्हणजे वेगळ्या जातीची असते, घरच्या बोर्डात चालत नाही.

प्रोसेसरवर मोठा टॉवर कूलर घेणार असशील तर रॅमवरच्या उष्णता घालवणाऱ्या पत्र्याची उंचीही पाहून घे, खाली अडते.

आणि आपलं ऊन विसरू नको. ६००० हा वेग म्हणजे ओव्हरक्लॉकच, एएमडीच्या ५२०० पेक्षा जास्त पळवणं. पुण्यात डिसेंबरमध्ये जे सुरळीत चालतं ते इथे नागपुरात नवतपात, पारा ४५ च्या पुढे असताना, चालेलच असं नाही, कारण रॅम तापली की चुका करायला लागते. तसं झालं तर बायोसमध्ये ५६०० वर आण, तुझ्या ब्लेंडरला फरकही जाणवणार नाही. कॅबिनेट खोलीतल्या कूलरच्या झोतासमोर मात्र अजिबात ठेवायचं नाही, ती ओली हवा आत जाते.

जोडताना प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट. दोन्हीकडून कट्ट असा आवाज येईपर्यंत दाब. पहिल्यांदा सुरू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळाच राहील, तेव्हा बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. घाबरून बटण दाबशील तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लाव. एकही चूक दाखवली तर "एकच तर आहे" म्हणायचं नाही, किट परत करायचा. एक स्टिक बिघडली तरी दोन्ही बदलून माग.

सुट्टीत आलीस की बर्डीच्या बाजारात जाऊ. जीएसटीचं पक्कं बिल घ्यायचं आणि घरी सीपीयू-झेड हा आतले भाग दाखवणारा प्रोग्राम लावून पार्ट नंबर डब्याशी जुळतो का ते पाहायचं. त्याआधी मला बोर्डाचं पूर्ण नाव पाठव. नुसत्या बी६५० ने भागत नाही, पुढे एम आहे का, रिव्हिजन कुठली, सगळं हवं. म्हणजे मी दोन-तीन पार्ट नंबर काढून ठेवते.

कॅबिनेटचं मात्र बाबांशी आधी बोल. त्यांना ते दिवेच आवडले आहेत.

तुझी,
आई