"शांत बसा" म्हणून भागत नाही

संपादक महोदय,

हायस्कूलमधल्या समलिंगी किंवा ट्रान्स मुलांचा विषय निघाला की हे शाळेत कशाला आणता असं लगेच कोणीतरी म्हणतं, पण ते शाळेत आधीपासूनच आहे हो, फक्त शिवी बनून. मी बरीच वर्षं नववी-दहावीला शिकवतेय. एकदा हजेरी घेताना एका मुलाने "प्रेझेंट मॅडम" म्हटलं, मागून कोणीतरी त्याच्या आवाजाची नक्कल केली आणि "बायल्या" म्हणालं, अख्खा वर्ग हसला, आणि मी "शांत बसा" म्हणून पुढचा नंबर घेतला. तो मान खाली घालून वहीच्या कोपऱ्यावर एकच रेघ गिरवत राहिला, कागद फाटेपर्यंत. त्यानंतर हजेरीला तो नुसता हात वर करायचा, आवाज नाही.

तेच कोणाच्या अपंगत्वावरून बोललं असतं तर मी तास थांबवला असता. इथे का नाही थांबवला? पोरांना बरोबर कळतं मॅडम कशावर चिडतात ते.

स्टाफरूममध्ये अजून "काउन्सेलरकडे पाठवा, सुधारेल" असं म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, मग सुधारायचंय काय? काउन्सेलर हवाच, पण आधार द्यायला.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच सांगितलंय की दोन गटांना नुसतं एकत्र बसवून पूर्वग्रह जात नाहीत, दोघांना बरोबरीचा मान हवा, मिळून करायचं काम हवं, आणि वरच्यांचा उघड पाठिंबा हवा. शाळेत वरचे म्हणजे आपणच ना, मुख्याध्यापक आणि शिक्षक! म्हणून माझं म्हणणं आहे की लैंगिकतेवरून चिडवणं चालणार नाही हे शाळेच्या नियमांत स्पष्ट शब्दांत लिहा, आणि शिक्षकांना ट्रेनिंग द्या, कारण खरं सांगते, त्या दिवशी काय बोलायचं हेच मला सुचलं नव्हतं. फक्त कुठल्याही मुलाला "तू तसा आहेस का" असं विचारू नका, आणि त्याने विश्वासाने काही सांगितलं तर त्याला न विचारता घरी फोन करू नका, त्याचं घर कसं आहे हे आपल्याला माहीत नसतं.

आता असं काही कानावर आलं की मी खडू खाली ठेवते, जो बोलला त्याच्याशी तिथेच बोलते, आणि ज्याला बोललं गेलं त्याच्याशी नंतर, एकट्याशी.

एक शिक्षिका