ती ईसीजीची पट्टी काढणाऱ्या ताईंचे आभार

गेल्या आषाढात गुहागरहून चिपळूणला जाताना माझ्या आईच्या छातीत अचानक धडधड सुरू झाली. तेव्हा एसटी थेट वाटेवरच्या आरोग्य केंद्राच्या दारात नेणारे चालक व वाहक, आणि भर पावसात तिला हात देऊन उतरवणाऱ्या दोन मासळीवाल्या मावश्या, यांचे मी मनःपूर्वक आभार मानतो.

सर्वांत मोठे ऋण तेथील परिचारिकाताईंचे आहे. हा त्रास आईला चार वर्षे होता. परंतु तपासणीपर्यंत धडधड थांबलेली असे, ईसीजी निर्दोष येई आणि ‘मनाची भीती’ म्हणून तिची बोळवण होई. ताईंनी केसपेपरसाठी न थांबता, धडधड चालू असतानाच ईसीजी काढला. ठोके मिनिटाला १८४ होते. ‘ही पट्टी हरवू नका,’ असे त्यांनी दोनदा बजावले. ईसीजीच्या ज्या तंत्रासाठी डच शास्त्रज्ञ आइन्थोव्हेन यांना १९२४ चे नोबेल मिळाले, त्याचे मोल मला त्या दिवशी कळले.

कोल्हापूरच्या डॉक्टरांना त्या पट्टीवरून दिशा मिळाली: हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत ठोक्याचा विद्युत्संदेश पोहोचवणाऱ्या नैसर्गिक केंद्रापाशी (एव्ही नोड) त्या संदेशाला जास्तीची वाट होती आणि तो तेथेच गोल फिरत राही. जांघेतील शिरेतून बारीक कॅथेटर हृदयापर्यंत नेऊन, रेडिओलहरींच्या उष्णतेने ती वाट बंद करण्यात आली. छाती उघडावी लागली नाही.

ताई, आम्ही पुन्हा आलो तेव्हा आपली बदली झाली होती, म्हणून हे जाहीर लिहीत आहे. आई आता रोज समुद्रापर्यंत चालत जाते.