विळी, पेरू आणि तुझा अंगठा

दादर, मुंबई
८ सप्टेंबर २०२५

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू सहज म्हणालास, "रेवतीला ग्रहण पाळायला लावलंय, आतल्या खोलीत पडून आहे, पाणीसुद्धा घेत नाहीये." त्यानंतर मला झोप लागली नाही. एकोणतीस वर्षं जे बोलले नाही, ते आज लिहिते आहे.

तुझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी पांढरी रेघ आहे ना? लहानपणी पडलास, असं आम्ही सांगत आलो. ते खरं नाही. तू दोन अंगठे घेऊन जन्माला आलास. दुसरा अगदी छोटा होता, पण त्याला पोह्याएवढं नख होतं आणि आतल्या बाजूला बारीक रेषाही. वर्षाचा झालास तेव्हा ऑपरेशन करून तो काढला.

२४ ऑक्टोबर १९९५ ला सूर्यग्रहण होतं, दिवाळीतच. मला सातवा महिना सरत आला होता. सकाळी पोटात भुकेने कालवाकालव झाली म्हणून मी विळीवर एक पेरू चिरला. तुझ्या आजीने तो पाहिला. जानेवारीत तू झालास, नर्सने तुझी मूठ उघडली, आणि आजीच्या तोंडून निघालं, "तरी सांगत होते, चिरू नकोस." तिने ते पुन्हा कधी म्हटलं नाही, पण बारशाला आलेल्या प्रत्येक बाईला पेरूची गोष्ट माहीत होती. मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते, आणि तरी गप्प बसले. बाळंतिणीच्या अंगात भांडायचं बळ नसतं. नंतर मात्र बळ होतं, तेव्हाही बोलले नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता हिशेब बघ. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात हाताची कळी फुटते, वल्ह्यासारखी चपटी. सहाव्या आठवड्यात तिच्यात बोटांच्या जागा दिसायला लागतात, मधली कातडी विरत जाते आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस बोटं सुटी झालेली असतात. म्हणजे तुझे हात जूनमध्येच तयार झाले होते. पेरू चिरला ऑक्टोबरात. तो अंगठा तेव्हा चार महिन्यांचा जुना होता.

हाताला कळतं कसं की करंगळी इकडे आणि अंगठा तिकडे? घरात एका कोपऱ्यात उदबत्ती लावली तर डोळे मिटूनही कळतं, आपण तिच्यापासून किती लांब आहोत. हाताच्या कळीत करंगळीच्या कडेला काही पेशी असतात, त्या एक प्रथिन सोडतात. ते जिथे दाट आणि जास्त वेळ पोचतं तिथे करंगळीच्या बाजूची बोटं होतात, जिथे जवळजवळ पोचतच नाही तिथे अंगठा. १९६८ मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या या पेशी उचलून पंखाच्या कळीच्या दुसऱ्या कडेला लावल्या, तर तीनच्या जागी सहा बोटं आली, आरशात बघावीत तशी. प्रथिनाचं नाव सोनिक हेजहॉग. हो, तू तासन्‌तास खेळायचास त्याच सोनिकवरून ठेवलेलं. हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचा हातापायांपुरता खटका त्याच्यापासून डीएनएची तब्बल दहा लाख अक्षरं दूर आहे. काही घराण्यांमध्ये त्या खटक्यातलं एकच अक्षर बदललेलं असतं, मग अंगठ्याच्या कडेलाही उदबत्ती पेटते आणि जादा बोट येतं. हे २००३ मध्ये उलगडलं. विळीचा यात कुठे संबंध येतो, सांग.

१९९५ च्या त्याच ऑक्टोबरात, ग्रहणाच्या दोन आठवडे आधी, या विषयाला नोबेल जाहीर झालं होतं. मी ती बातमी पोटावर पेपर ठेवून वाचली होती. नुसलाइन-फोलहार्ड, विशाउस आणि लुइस. पहिल्या दोघांनी हायडेलबर्गमध्ये फळमाशीच्या हजारो बिघडलेल्या वाणांच्या अळ्या तपासल्या. पिकल्या केळ्यांवर घोंघावतात ना, तीच ही चिलटं. हेजहॉग हे नावही तिथलंच, कारण ते जनुक बिघडलं की अळी काट्यांनी भरून जाते. लुइसने अनेक वर्षं माश्यांच्या अवयवांच्या अदलाबदलींवर काम केलं. एक जनुक भलत्या जागी लागलं तर माशीच्या डोक्यावर मिशीच्या जागी पाय उगवतो. पाय अगदी नीट घडलेला असतो, फक्त जागा चुकलेली. तुझं ते पोह्याएवढं नख मला तेव्हा आठवतं.

माशीच्या बाबतीत मात्र आईचा हात खरोखरच असतो. अंडं तयार होतानाच ती त्याच्या एका टोकाला बायकॉइड नावाच्या जनुकाचा संदेश ठेवून देते. त्यापासून बनलेलं प्रथिन त्या टोकाला दाट असतं, शेपटीकडे विरळ होत जातं. तीन तासांच्या आत सहा हजारांच्या आसपास केंद्रकं आपापल्या जागचा दाटपणा वाचतात. आधी रुंद पट्टे उठतात, मग सात, मग चौदा. आईकडे ते जनुक नसेल तर अळीला डोकंच येत नाही, बापाकडे असून उपयोग नसतो. माणसात बायकॉइड नाही. आपलं डोकं कुठे आणि पाठ कुठे, हे गर्भ तिसऱ्या आठवड्यात स्वतःच ठरवतो, आईला अजून पाळी चुकल्याची खात्रीही झालेली नसते तेव्हा.

रेवतीला पाचवा महिना आहे. तिच्या बाळाची बोटं कधीच सुटी झाली आहेत. तिला भूक लागेल तेव्हा खाऊ दे, हवं ते चिरू दे. डॉक्टरांना तुझ्या अंगठ्याचं सांग, सोनोग्राफीत हात नीट बघतील. आणि जादा बोट दिसलंच, तर घरातल्या कुणीही तिला "काय चिरलंस?" असं विचारता कामा नये. विचारलं, तर हे पत्र त्यांना वाचून दाखव.

पेरू आता बाजारात यायला लागलेत. येताना आणते तिच्यासाठी.

तुझी,
आई