मिस्त्रीकाकांना, पडवीच्या स्लॅबखालून

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

पाऊस सरला. पडवीच्या स्लॅबला खालून हातोडीने हलकेच ठोकून बघतो. तुम्ही दुरुस्त केलेल्या भागात कुठेही पोकळ वाजत नाही. हे ठोकून बघणंही तुम्हीच शिकवलंत.

आमचं घर मालवणात, समुद्राला लागूनच. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये मुरलं, सळया गंजल्या आणि फुगलेल्या गंजाने खालचे पोपडे पाडले. मी दुकानातून चिकटपणाचा म्हणून पांढरा डबा आणला होता. गिलाव्यात मिसळा नि थापा, एवढंच माझं ज्ञान! तुम्ही डबा वाचलात आणि म्हणालात, "हा पीव्हीए, पांढरा गोंद. सततच्या ओलीत मऊ पडतो. परत करून या." दुकानदाराने पैसे दिले नाहीत, हे तुम्हाला सांगायची लाज वाटली होती.

मग एसबीआर आलं, म्हणजे सिमेंटच्या मालात मिसळायचं रबराचं पांढरं दूध. याने स्लॅब किती मजबूत होईल, असं मी विचारलं, तर तुम्ही सरळ म्हणालात, "दाबाला फार फरक नाही, कधी कमीच भरतं. पण वाकताना, ताणताना लवकर तडकत नाही आणि जुन्याला धरून बसतं." विकणारा माणूस असं बोलत नाही. सिमेंट पाणी ओढून घट्ट होत जातं तसे या दुधातले रबराचे बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि साय धरावी तसा पापुद्रा आत पसरतो. तो छिद्रं बुजवतो, बारीक तड्यांचे दोन्ही काठ धरून ठेवतो, पाणी-मीठ आत शिरायला अडवतो. हे मी नंतर वाचलं. तुम्ही मात्र मापाने ओतत होतात. डब्यात निम्मं पाणीच असतं, म्हणून वरचं पाणी तेवढं कमी. रबराचा घन भाग सिमेंटच्या वजनाच्या 10 ते 20 टक्के असावा लागतो. जास्त ओतलं की जास्त ताकद, हा माझा समज तिथेच मोडला.

खरे आभार त्या दुपारचे. पोरं चहाला गेली आणि जुन्या काँक्रीटला लावलेली स्लरी, म्हणजे सिमेंट-एसबीआरचा पातळ लेप, वाळून गेली. मी म्हटलं, चालेल. तुम्ही सगळी खरवडायला लावलीत. ओलसर, चिकट असतानाच वर माल बसला पाहिजे, वाळलेला थर उलट जुन्या-नव्याला वेगळं करतो. अर्ध्या दिवसाची मजुरी मात्र माझ्याकडून घेतली नाहीत.

आणि ते पाणी! घरातले सात दिवस पाइप धरायला तयार. तुम्ही दोन दिवसांनंतर बंद करायला लावलंत, कारण पापुद्रा धरायला वाळावं लागतं. शेजारी अजून म्हणतात, मिस्त्रीने आळस केला.

दुरुस्तीलगतच्या जुन्या भागात मीठ उरलंय, तिथे गंज पुढे धरेल, हेही तुम्ही काम संपताना सांगितलंत. पश्चिमेचा कोपरा आताच थोडा पोकळ वाजतोय. दिवाळीनंतर या. डबा मी आणून ठेवणार नाही.