टांग

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज मिळाला, पण त्याचं उत्तर मोबाइलवर अंगठ्याने बडवण्याइतकं छोटं नाही, म्हणून वही घेऊन बसलोय. पन्नाशी दोन वर्षांवर आली असताना तू ट्रायथलॉनला, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग, नाव दिलंस, शाब्बास. वहिनींनी कपाळाला हात लावला असणार, तेही बरोबरच. पण विचारलंस काय, तर "पळत येऊन सायकलवर उडी कशी मारायची?" म्हणजे व्हिडिओ बघितलेला दिसतोयस. मीही बघितला होता. त्याची खूण माझ्या डाव्या गुडघ्यावर अजून आहे.

त्या पोरांचे बूट आधीच पायडलला अडकवलेले असतात. टाचेच्या फासातून रबरबँड ओवून तो सायकलच्या सांगाड्याला कुठेतरी बांधतात, म्हणजे बूट आडवा राहतो, जमिनीला घासत नाही. पोहून अनवाणी पळत यायचं, जिथून पुढे सायकलवर चढायची परवानगी असते ती रेषा ओलांडली की हँडल धरून झेप घ्यायची, मांडीच्या आतल्या बाजूवर सीट घ्यायची आणि मग मधोमध सरकायचं. पाय बुटांवर ठेवूनच पायडल मारायचं. रबर पटापट तुटतात, वेग आला की एकेक पाय आत घालायचा. यातलं "मांडीच्या आतल्या बाजूवर" हे मी पहिल्या दिवशी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. पुढचं लिहीत नाही, वहिनी पत्र वाचतील.

दोन महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव केला. अंगावर बादली ओतायची, पळायचं, उडी. तिसऱ्या आठवड्यात लिफ्टशेजारी पाटी लागली: "पार्किंगमध्ये ओल्या अंगाने सायकलवर उड्या मारू नयेत." नाव नव्हतं, पण सोसायटीत दुसरा कोण असणार? मग पहाटे बालेवाडीच्या रस्त्यावर जाऊ लागलो. तिथे एक दिवस रबर आधीच तुटलं, बूट उलटा लोंबला, रस्त्याला अडकला, आणि मी दूधवाल्याच्या देखत आडवा.

आता खरी गंमत ऐक. पहिल्या स्पर्धेत, ७५० मीटर पोहून बाहेर आल्यापासून सायकल हलेपर्यंत मला चार मिनिटं चाळीस सेकंद लागली. लेकाने कठड्याबाहेरून सगळं शूट केलं होतं, ते घरी बसून मोजलं. रांगांत लावलेली सायकल सापडेना, त्यात पन्नास सेकंद. ओल्या पायांत मोजे चढवायला सव्वा मिनिट. हेल्मेटची क्लिप बोटं थरथरत असल्यामुळे तीनदा निसटली. मध्येच नुसता उभा राहून मी काय करत होतो, ते मलाही कळलं नाही. आणि प्रत्यक्ष सायकलवर चढायला? नऊ सेकंद. त्या नऊ सेकंदांसाठी मी दोन महिने आपटत होतो!

ऑलिंपिकवाल्यांचं वेगळं. तिथे एकमेकांच्या मागे लागून, वाऱ्याच्या आडोशाने सायकल मारायची परवानगी असते. निघताना पाच सेकंद मागे पडलास आणि पुढचा जथा सुटला, तर एकट्याने वारा कापत मिनिटं जातात. म्हणून ती उडी. आपल्या वयोगटाच्या स्पर्धांत बहुतेक ठिकाणी असं मागे चिकटायला बंदीच असते. आपले पाच सेकंद म्हणजे पाचच सेकंद.

तेव्हा उडी सोड. मोजेही सोड. तुझं अंतर २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. साधी पायडल ठेव आणि पळायच्या बुटांना इलॅस्टिकच्या लेस लाव. तेच बूट शेवटपर्यंत चालतील, सायकलवरून उतरल्यावर पुन्हा बदलायची कटकट नाही. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर सोडून. ते डोक्यावर घालून क्लिप लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा नियम आहे आणि पंच तिथेच उभे असतात. क्लिप लावायचा सराव ओल्या हातांनी कर. गिअर आदल्या दिवशीच हलका करून ठेव. पाण्यातून बाहेर येण्याच्या वाटेने दोनदा चालून बघ, कितव्या रांगेत डावीकडे वळायचं ते पाठ कर. शेवटचे पन्नास मीटर पोहताना पाय जोरात मार. इतका वेळ आडवा असलेला माणूस एकदम उभा राहिला की गरगरतं. मी पायऱ्यांवर एका मुलीच्या खांद्याला धरलं होतं, बिचारी "काका, बसा" म्हणाली.

राहिलं चढणं. बंड्या, तुझ्या अण्णांना आठव. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची वेळ गाठायला, हँडलला डबा लटकवून वाड्यातून निघायचे. माणूस कधी उभा राहून सायकलवर बसलाय? डावा पाय खाली असलेल्या पायडलवर, उजव्याने जमिनीला दोन-तीन रेटे, सायकल पळू लागली की मागून टांग. पायजम्याला क्लिप, तोंडात अर्धं वाक्य आईला उद्देशून, आणि गडी कोपऱ्यावर. आपण भाड्याच्या सायकलवर हाफ पायडल शिकलो, पण ही टांग काही नीट शिकलो नाही.

स्पर्धेत हीच टांग चालते. रेषेपलीकडे जमिनीला पाय टेकला की झालं, मग चढ कसाही. हात हँडलवर, नजर समोर, उजवा पाय उंच फिरव. सीटच्या मागे बाटली लावू नकोस, पाय अडकतो. (हेही अनुभवाचे बोल.) मी दुसऱ्या स्पर्धेत असाच चढलो. सगळं धरून एक मिनिट पन्नास सेकंद, आणि कुठेही खरचटलं नाही.

पुढच्या शनिवारी ये. पहाटे टिळक तलावावर पोहणं, मग सायकली. पण त्याआधी अण्णांना विचार टांग कशी मारायची ते. आधी चिडतील, "एवढा घोडा झालास" म्हणतील, मग काठी भिंतीला टेकवून दाखवायला उठतील. तेव्हा सायकल नीट धरून उभा राहा.

तुझा,
पम्या