टायरमध्ये हवा बरोबर आहे तरी गाडी रोज वॉर्निंग देते, सेन्सर बदलून द्या

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: इलेक्ट्रिक गाडीची टायर प्रेशरची खोटी वॉर्निंग, आणि सर्व्हिस सेंटरने फक्त रिसेट मारून परत पाठवणे

नमस्कार,

गाडीचा नंबर, वॉरंटीचा कागद, सगळी जॉब कार्डं आणि फोटो सोबत जोडलेत, ते परत मागू नका प्लीज, आधीच्या मेलमध्येही होतेच.

तर प्रॉब्लेम असा आहे की सकाळी गाडी सुरू करून जरा पुढे गेलं की टायर प्रेशर लो म्हणून बीप वाजतो आणि स्क्रीनवर मागचं डावं चाक लाल दिसतं, २६ पीएसआय. दाराच्या स्टिकरवर गार टायरला ३६ लिहिलंय आणि मी स्वतः डिजिटल गेज लावून बघते तर ३६ च भरतं. बाकी तीन चाकांचं गेजवरचं आणि स्क्रीनवरचं रीडिंग एक पीएसआयच्या आत जुळतं, म्हणजे माझा गेज चुकीचा आहे हे जे तुमच्या सर्व्हिस ॲडव्हायझरचं म्हणणं आहे ते तिथेच संपतं.

आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने जे केलं ते खरं तर तुमच्या माणसांनी करायला हवं होतं. त्याने आधी साबणाचं पाणी वॉल्ववर आणि रिमच्या कडेने सोडलं, कुठेच बुडबुडा नाही. मग म्हणाला ताई तुम्ही आत बसून आकडा सांगा. त्याने हवा सोडून गेजवर ३२ केली, स्क्रीनवर थोड्या वेळाने २२ आलं. मग भरत भरत ४० केली, स्क्रीनवर ३० आलं आणि वॉर्निंग गेली. म्हणजे सेन्सर बंद नाहीये, सिग्नल पण येतोय, फक्त तो प्रत्येक वेळी १० ने कमी सांगतोय. हे एवढं सरळ आहे आणि तरी जॉब कार्डवर दर वेळी तेच लिहून येतं, एअर चेक ओके, रिसेट डन.

नंतर सर्व्हिसमध्ये तुम्ही टायर रोटेशन केलंत, मागची चाकं पुढे, पुढची मागे, आणि सेन्सरचं रीलर्न (कुठला सेन्सर कुठल्या चाकात आहे ते गाडीला पुन्हा ओळखायला लावणं) पण केलं असं कार्डवर लिहिलंय. दुसऱ्या दिवसापासून वॉर्निंग पुढच्या डाव्या चाकावर यायला लागली. चाक जिथे गेलं तिथे दोष गेला, मग हा सॉफ्टवेअरचा इश्यू कसा? मला मात्र सांगितलं की पुढच्या अपडेटमध्ये ठीक होईल. अपडेट आला पण, काही फरक नाही.

आणि गाडी तुमच्याकडे आणली की वॉर्निंग दिसत नाही म्हणता, त्याचं कारणही ऐका. हिवाळ्यात पुण्यात सकाळी ११-१२ डिग्री असतं, दुपारी २८-३०, नुसत्या तेवढ्यानेच साधारण ३ पीएसआय वाढतं, वर ट्रॅफिकमधून चालवत आणली की टायर तापून अजून वाढतं. मग तो १० चा फरक असूनही आकडा लिमिटच्या वर जातो. म्हणून गाडी रात्रभर तुमच्याकडे ठेवून घ्या आणि सकाळी गार टायरवर बघा असं मी लेखी दिलं होतं. गाडी ठेवून घेतली, पण चेक दुपारीच केलं, कार्डवर वेळ आहे.

मला सगळ्यात जास्त राग ॲडव्हायझरच्या सल्ल्याचा आलाय. म्हणे त्या एका चाकात ४० ठेवा, वॉर्निंग येणार नाही. एका चाकात ४० आणि बाकीच्यांत ३६ ठेवून मी पावसात खंबाटकी घाट उतरायचा का? टायर मधोमध झिजेल ते वेगळंच. आणि दुसरा म्हणाला दुर्लक्ष करा, सवय होईल. अहो, गाडीत स्टेपनी नाहीये! जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियम बदलले आणि १ ऑक्टोबर २०२० पासून ट्यूबलेस टायर, रिपेअर किट आणि टीपीएमएस, म्हणजे हीच टायर प्रेशर दाखवणारी सिस्टीम, असेल तर स्टेपनी न देण्याची सूट मिळाली, तुमच्या सेल्सवाल्यानेच हे मला गाडी घेताना समजावून सांगितलं होतं. स्टेपनीच्या बदल्यात जी सिस्टीम दिलीत तीच चुकीचं सांगतेय. लाल दिवा आधीच लागलेला असताना खिळा घुसून हवा उतरायला लागली तर मला कळणार कसं? मी साताऱ्याला आईकडे पहाटे एकटी जाते, अंधारात हायवेच्या कडेला थांबून, बाजूने ट्रक जात असताना गेज लावून खात्री करायची हे मी आता करणार नाही.

शेवटी म्हणाले सेन्सर टायरचा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही, आणि बदलायचे तर चारही बदला, पैसे तुम्ही भरा. सेन्सर कंपनीतूनच वॉल्वला लावून आलाय, सीलबंद इलेक्ट्रॉनिक पार्ट आहे, टायर कंपनीचा त्याच्याशी काय संबंध? आणि तीन व्यवस्थित चालू असताना चार कशाला बदलायचे? सेन्सर वॉरंटीत बसत नाही असं कुठल्या कलमात लिहिलंय ते दाखवा, मी मागितलं तर कोणी दाखवलं नाही.

माझं मागणं एवढंच आहे. सेन्सर वाचायचं हँडहेल्ड टूल वर्कशॉपमध्ये असतं, ते वॉल्वजवळ धरलं की सेन्सरचा आयडी, प्रेशर, टेंपरेचर सगळं दिसतं. सकाळी गार टायरवर, माझ्यासमोर, चारही चाकांचं रीडिंग त्यावर घ्या, शेजारी गेजचं रीडिंग लिहा आणि त्याची सही शिक्क्याची कॉपी द्या. मग तो एक सेन्सर वॉरंटीत बदला, नवीन आयडी गाडीत रीलर्न करा, व्हील बॅलन्सिंग करून द्या कारण टायर रिमवरून उतरवावा लागणार आहे, आणि त्याचे पैसे मला लावू नका.

येत्या १५ दिवसांत तारीख कळवा. नाहीतर मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवतेय आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाणार आहे, कागद तयार आहेत. फोन केलात तर संध्याकाळी सहानंतर करा, आणि जे ठरेल ते मेलवर लेखी पाठवा.

तुमची ग्राहक,
पुणे